लेवीय २३ चे वर्ष घरात पाळताना: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

पावसाळा ओसरू लागला की मला एकच प्रश्न येतो. "भाऊ, यंदा कर्णे वाजवण्याचा सण कोणत्या तारखेला? शोफार (मेंढ्याच्या शिंगाचा कर्णा) कुठे मिळेल?" धुळे, साक्री, नवापूर, भुसावळ, मंडळी (चर्च) कुठलीही असो, प्रश्न तोच. वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातून सुटकेच्या वसंतातल्या सणाच्या, महिनाभर आधी येऊन "तयारी काय करू?" असं विचारणारे मात्र बोटावर मोजण्याइतके.

चूक इथेच सुरू होते. बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या २३व्या अध्यायात सण एका क्रमाने दिले आहेत: आधी आठवड्याचा विसावा, मग वल्हांडण आणि बेखमीर भाकरी, पहिल्या पिकाची पेंढी, पन्नास दिवसांची मोजणी, सप्ताहांचा सण, आणि सातव्या महिन्यात कर्णे, प्रायश्चित्ताचा दिवस व मांडव. खमीर (पीठ फुगवणारं आंबवण) काढलं नाही, दिवस मोजले नाहीत, देणं दिलं नाही आणि थेट सातव्या महिन्यात कर्णा फुंकला, तर हाती फक्त आवाज लागतो.

जळगावकडे जिनिंगवर कापूस आला की जाणता माणूस बोंडातला चिमूटभर कापूस घेतो, दोन बोटांत धागा ओढतो आणि प्रत सांगतो. ते त्याला एका रात्रीत आलेलं नसतं, हजारो वेळा हात घालून आलेलं असतं. इब्री लोकांस पत्राच्या ५व्या अध्यायाच्या शेवटी बरं-वाईट ओळखण्याबद्दल हेच सांगितलं आहे: ही पारख सरावाने येते. बायबलचं वर्ष हा तो सराव आहे असं धरून पुढच्या पायऱ्या वाचा.

## सुरुवातीआधी

एक साधी दोनशे पानी वही घ्या. मोबाइलमध्ये लिहू नका. मोबाइलमधलं लिहिलेलं पुन्हा उघडून वाचलं जात नाही, हा माझा अनुभव आहे.

तुमच्याबरोबर वर्षभर चालणारा एक माणूस ठरवा. नवरा-बायको असाल तर उत्तम. पण प्रत्येकाने बाहेरचा आणखी एक साथी ठेवावा, पुरुषाने पुरुष, बाईने बाई. महिन्यातून दोनदा भेटणं जमेल इतका तो जवळ राहणारा हवा.

आपल्या पाळकांना सांगा. परवानगी मागण्यासाठी हे करायचं नाही, लपवाछपवी राहू नये म्हणून करायचं आहे. घरात गुपचूप सुरू झालेल्या सणांतून गट पडलेले मी पाहिले आहेत.

सावधान. हे सण पाळल्याने तारण मिळत नाही आणि न पाळल्याने जात नाही. कलस्सैकरांस २:१६-१७ मध्ये पौल सण, अमावास्या आणि शब्बाथ यांना पुढच्या गोष्टींची छाया म्हणतो. ज्याची ती छाया आहे तो ख्रिस्त आहे. रोमकरांस १४:५-६ मध्ये एखादा दिवस मानणारा आणि न मानणारा, दोघेही प्रभूसाठीच करतात असं म्हटलं आहे. ही दोन वचनं वहीच्या पहिल्या पानावर लिहा. "मी पाळतो आणि ते पाळत नाहीत" हा विचार मनात आला की ते पान उघडा.

## १. तारखा लावून घ्या

बायबलचा महिना नव्या चंद्राने सुरू होतो आणि दिवस सूर्यास्ताला. आपल्याला हे जड जाऊ नये, कारण आपलं पंचांगही चंद्रावर चालतं. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं. ते ऋतूंच्या मागे पडू नये म्हणून आपण अधिक मास धरतो, तसे ज्यू लोक १९ वर्षांत ७ वेळा एक जादा महिना धरतात. म्हणून वल्हांडण पौर्णिमेच्या आसपासच येतो. बहुतेक वर्षी चैत्री पौर्णिमा, क्वचित फाल्गुनी. मांडवांचा सण भाद्रपद किंवा आश्विनातल्या पौर्णिमेला सुरू होतो. भिंतीवरच्या कालनिर्णयात हे अंदाजाने तपासता येतं. नेमकी तारीख मात्र ज्यू दिनदर्शिकेतूनच घ्या.

आता गोंधळाची जागा. पुनरुत्थानाचा रविवार (ईस्टर) आणि वल्हांडण दरवर्षी जवळ येतातच असं नाही. २०२४ मध्ये ईस्टर ३१ मार्चला होता आणि वल्हांडण २२ एप्रिलच्या सूर्यास्ताला सुरू झाला. २०२७ मध्ये ईस्टर २८ मार्चला, तर वल्हांडण २१ एप्रिलच्या संध्याकाळी. साहजिकच तिथून मोजलेला पन्नासावा दिवसही दोन ठिकाणी पडतो: मंडळीचा १६ मेला, ज्यू गणनेचा ११ जूनला.

माझा सल्ला स्पष्ट आहे. तुमची मंडळी पवित्र सप्ताह, ईस्टर आणि पन्नासावा दिवस पाळत असेल तर वसंतातली मोजणी मंडळीबरोबरच करा. सातव्या महिन्यातले सण बहुतेक मंडळ्यांत नसतातच, ते ज्यू तारखांनी घ्या. कुटुंबाने आपल्या मंडळीच्या ईस्टरच्या दिवशी घरी बसून तीन आठवड्यांनी वेगळा सण करणं मला बरोबर वाटत नाही.

तपासणी. वहीत सगळ्या तारखा, प्रत्येकीची सूर्यास्ताची आदली संध्याकाळ धरून, लिहिल्या का? सकाळी सण सुरू होतो असं धरून आदली संध्याकाळ हुकणं ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे.

## २. आधी आठवड्याचा विसावा

लेवीय २३ मध्ये एकही सण येण्याआधी तिसऱ्या वचनात सातव्या दिवसाचा विसावा येतो. लोक हे वचन प्रस्तावना समजून पुढे जातात. ज्याला आठवड्यातला एक दिवस हात थांबवता येत नाही, त्याला वर्षातले सात सण जमणार नाहीत.

वल्हांडणाच्या आधी किमान सहा आठवडे हा सराव करा. दिवस शनिवार की रविवार यावर वाद घालू नका. तुमची उपासना ज्या दिवशी असते तो धरा.

कसं करायचं: आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत पीठ दळून आणा, भाजी निवडून ठेवा, दुसऱ्या दिवशीच्या भाकरीही शक्य असेल तर थापून ठेवा. नाही तर विसावा पुरुषांचा आणि राबणं बाईचं असं होतं. मी हे आमच्याच घरी तीन वर्षं केलं. मी शास्त्र वाचत बसायचो आणि आई, बायको चुलीपाशी. निर्गम २०:१० मध्ये मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरंढोरं, परका, सगळे मोजलेले आहेत. मी ते वचन तोंडपाठ म्हणत होतो आणि घरातच मोडत होतो.

कापूस वेचणीच्या किंवा केळी भरण्याच्या दिवसांत मजूर मिळाला की सोडवत नाही, हे खरं आहे. त्यासाठी आदल्या आठवड्यातच मजुरांशी दिवस ठरवा. गाडी त्याच दिवशी येणार असेल आणि घड पिकून चालले असतील तर काम करा, आणि वहीत तसं लिहा. लपवू नका. महिनाभराने ती पानं वाचली की अडचण खरी होती की सवय होती ते कळतं.

## ३. वल्हांडण आणि सात दिवसांचं खमीर

इथे आपल्या भागाची एक खास अडचण आहे. निर्गमात घरातून खमीर काढायला सांगितलं, कारण मिसर सोडताना पीठ फुगायला वेळ नव्हता. पण आपली ज्वारीची, बाजरीची, कळण्याची भाकरी आधीच बेखमीर आहे. बरीच घरं सात दिवस रोजचीच भाकरी खातात आणि सण पाळला म्हणतात. त्यात काहीच सोडावं लागलेलं नसतं, म्हणून काही शिकलंही जात नाही.

पाव, टोस्ट, खारी, जिलबी, आंबवलेलं इडली-ढोकळ्याचं पीठ हे सात दिवस घराबाहेर ठेवा. मुलांसाठी ही दिसणारी खूण हवीच. खरं काम मात्र वहीत आहे.

वल्हांडणाच्या आधीचे दोन आठवडे. वहीत चार रकाने आखा. लूक १२:१ मध्ये येशूने परूश्यांच्या (त्या काळच्या कडक धर्मनिष्ठ ज्यू गटाच्या) खमिराला ढोंग म्हटलं आहे. मत्तय १६:१२ मध्ये खमीर म्हणजे परूशी आणि सदूकी (दुसरा ज्यू गट) यांची शिकवण. मार्क ८:१५ मध्ये हेरोद राजाचं खमीर आहे. मी त्याचा अर्थ सत्तेपुढे वाकणं असा घेतो. आणि १ करिंथकरांस ५:८ मध्ये वाईटपणा व दुष्टपणा यांचं खमीर, त्याऐवजी खरेपणाची भाकरी. आता रोज पाच मिनिटं, प्रत्येक रकान्यात आपलं स्वतःचं काय आहे ते लिहा.

पहिला रकाना भरतो लवकर. दुसरा बहुतेकांचा कोरा राहतो आणि तिथेच थांबायला हवं. मी जे मानतो ते कुणाकडून आलं? शास्त्रातून, की मोबाइलवर रोज सकाळी येणाऱ्या संदेशातून? खोटी शिकवण सुरुवातीला अगदी थोडी असते. ती गोळ्यात मिसळलेली असते आणि रात्रभर कुणाचं लक्ष नसताना काम करते.

निवड. दोन आठवड्यांनी चार रकान्यांतली एकच गोष्ट निवडा आणि ती नेमकी लिहा. "माझा राग" असं लिहू नका. "दुकानातून आल्यावर पहिल्या अर्ध्या तासात मी पोरांवर ओरडतो" असं लिहा. "खोटं बोलणं" नको. "उधारी मागायला माणूस आला की मी बायकोला, मी घरी नाही असं सांगायला लावतो" असं लिहा. वेळ, जागा, माणूस, तिन्ही त्या वाक्यात हवेत. ही एक गोष्ट सात दिवस घराबाहेर.

आदली रात्र. ज्यू घरांत वल्हांडणाच्या आदल्या रात्री दिवा घेऊन खमीर शोधण्याची रीत आहे. आपण बॅटरी घेऊन मुलांबरोबर ते करू शकतो. शेवटी प्रत्येकाने आपलं वाक्य एका चिठ्ठीवर लिहून चुलीत टाकावं. ज्याला मोठ्याने वाचायचं आहे त्याने वाचावं, सक्ती नको. लहान मुलांना आई-बापाचं वाक्य ऐकू द्या. निर्गम १२:२६ मध्ये मुलं विचारतील असं गृहीत धरलं आहे. मुलांनी काही विचारावं असं घरात काही दिसलंच नाही तर ती काय विचारणार?

जेवण. बेखमीर भाकरी, कडू भाजी आणि निर्गमाचा १२वा अध्याय एवढं पुरतं. कडू म्हणून कोवळा निंबाचा पाला किंवा कारलं चालतं. बोकड कापून रक्त चौकटीला लावायचं नाही. १ करिंथकरांस ५:७ सांगतं की आपला वल्हांडण म्हणजे ख्रिस्त, आणि त्याचं अर्पण झालेलं आहे. हे जेवण प्रभुभोजनाच्या जागी ठेवू नका. ते मंडळीत घ्या.

नेहमीच्या चुका. दुसऱ्याचं खमीर शोधणं, विशेषतः सुनेचं किंवा पाळकांचं. एकाच वेळी सात गोष्टी सोडणं. आणि चौथ्या दिवशी चूक झाली की "यंदा मोडलं" म्हणून सगळं सोडून देणं. मोडलं तर त्याच संध्याकाळी वहीत लिहा, ज्याच्यावर ओरडलात त्याची माफी मागा आणि पाचवा दिवस सुरू करा.

## ४. पन्नास दिवस मोजा

विवेक घडवण्यासाठी वर्षात हा भाग सर्वांत मोलाचा आहे, आणि लोक सर्वांत जास्त हाच टाळतात. यात ना जेवण ना कार्यक्रम, म्हणून कंटाळवाणा वाटतो. लेवीय २३:१५-१६ मध्ये सात पूर्ण आठवडे मोजून पन्नासावा दिवस धरायला सांगितलं आहे. पहिला दिवस पहिल्या पिकाच्या पेंढीचा; १ करिंथकरांस १५:२० मध्ये मेलेल्यांतून उठलेल्या ख्रिस्ताला पहिलं फळ म्हटलं आहे.

रोज संध्याकाळी दिवेलागणीला सगळ्यांसमोर मोठ्याने दिवस म्हणा: "आज अकरावा दिवस." मग वहीत फक्त दोन ओळी. पहिली: आज मी काय खरं मानलं? दुसरी: ते मी कशावरून मानलं? बस. रोज दोन ओळींपेक्षा जास्त लिहू नका, नाही तर तिसऱ्या आठवड्यात वही कोपऱ्यात जाते.

आखाजी (अक्षय तृतीया) बहुतेक याच दिवसांत येते. आपल्याकडे आखाजीला सालदाराचं (वर्षभरासाठी ठेवलेल्या शेतगड्याचं) वर्ष संपतं, हिशेब होतो, नवं साल ठरतं. त्या दिवशी वहीत एक ओळ वाढवा: माझ्याकडे काम करणाऱ्याचा एक रुपया तरी अडला आहे का? लेवीय १९:१३ मध्ये मजुराची मजुरी सकाळपर्यंतसुद्धा ठेवू नको असं आहे.

चौथ्या आठवड्यापासून पारखायचा सराव जोडा. त्या आठवड्यात ऐकलेला एक संदेश, एक भविष्यवाणी किंवा एक साक्ष घ्या आणि साथीबरोबर बसून या पाच गोष्टी विचारा:

- तो येशू ख्रिस्ताला देह धारण करून आलेला प्रभू म्हणून सांगतो का? १ योहान ४:१-३ ची कसोटी ही आहे.
- दिलेलं वचन आजूबाजूच्या दहा ओळींसकट वाचलं तर अर्थ तोच राहतो का? बिरुयातल्या लोकांनी पौलाचं बोलणंही रोज शास्त्रात तपासलं, प्रेषितांची कृत्ये १७:११.
- चिन्ह खरं ठरलं तरी तो मला कुठे नेतो? अनुवाद १३ च्या सुरुवातीला सांगितलं आहे की चिन्ह खरं झालं आणि संदेष्टा दुसऱ्या देवांकडे नेऊ लागला तर ऐकू नका. चमत्कार झाला म्हणजे माणूस खरा, हा आपल्याकडे सर्रास होणारा गैरसमज या एका उताऱ्याने मोडतो.
- तो तपासू देतो का? १ करिंथकरांस १४:२९ मध्ये संदेष्ट्यांनी बोलावं आणि इतरांनी पारखावं असं आहे. "अभिषिक्ताला प्रश्न विचारू नका" म्हणणारा या वचनातून निसटतो आहे.
- घाई, भीती किंवा पैसा यांतलं काय आहे? "आज रात्रीच", "नाही तर शाप", "या खात्यावर" हे शब्द आले की थांबा.

पाच वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका घराला, मुलीचं लग्न अमुक ठिकाणीच कर, देवाने दाखवलं आहे, असं एका फिरत्या उपदेशकाने सांगितलं. कुणी काही तपासलं नाही. मीही त्या प्रार्थनेत हजर होतो आणि आमेन म्हणालो. मुलगी सहा महिन्यांत माहेरी परत आली. त्या रात्री वरचे पाच प्रश्न कुणी एकाने विचारले असते तर पुरे होतं. मला ते ठाऊक होते, पण गर्दीत विचारण्याचा सराव नव्हता. म्हणून हा सराव मी दोघांच्या बैठकीत, शांतपणे, महिनाभर करायला सांगतो.

सावधान. पारख म्हणजे संशय नव्हे. १ थेस्सलनीकाकरांस ५:२०-२१ मध्ये संदेश तुच्छ मानू नका असं आधी आलं आहे, पारखण्याचं त्यानंतर, आणि चांगलं ते घट्ट धरा हेही लगेच पुढे आहे. आठवड्याला निदान एक गोष्ट "ही चांगली, ही धरली" म्हणून वहीत आली पाहिजे. सगळंच खोटं निघत असेल तर तुमची नजर तपासा.

तपासणी. पस्तिसाव्या दिवशी मागची सगळी पानं वाचा. "कशावरून मानलं" या ओळीत कुठलं एक नाव किंवा एक चॅनेल पुन्हा पुन्हा येतं? ते साथीला सांगा.

## ५. सप्ताहांचा सण: सरवा आधी राखा

अर्पणात या दिवशी दोन भाकरी असत, आणि त्या खमीर घातलेल्या. त्यानंतर लगेच, लेवीय २३:२२ मध्ये, शेताचा कोपरा कापू नका आणि सरवा (कापणीनंतर पडून राहिलेली कणसं) वेचू नका, तो गरिबाला आणि परक्याला ठेवा असं येतं. रूथने बवाजाच्या शेतात वेचला तोच हा सरवा.

इथली चूक वेळेची आहे. इस्राएलात या सणाला गहू कापणीला येतो. खान्देशात मे-जूनला शेत रिकामं असतं, वखरणी झालेली असते आणि डोळे आभाळाकडे. त्या दिवशी सरवा ठेवायला शेतात काहीच नसतं. म्हणून गहू-हरभरा फेब्रुवारी-मार्चमध्ये खळ्यावर येतो तेव्हाच ठरलेलं पोतं बाजूला काढून त्याला खूण करा. ज्यांना पगार आहे त्यांनी फेब्रुवारीपासून दरमहा रक्कम वेगळ्या डब्यात ठेवावी.

जूनच्या तोंडावर बियाणं, खत आणि शाळेची वह्या-पुस्तकं एकदमच येतात. त्या वेळी घरात आलेलं एक पोतं गहू फार मोठं असतं. देताना फोटो काढू नका, मंडळीत नाव सांगू नका. आणि आपल्याच नात्यातल्याला देऊन हे झालं असं धरू नका. वचनात परका आहे.

## ६. मधले महिने

आता सातव्या महिन्यापर्यंत लेवीय २३ मध्ये एकही सण नाही. पेरणी, निंदणी, कोळपणी सुरू असते. नवीन काही सुरू करू नका. विसावा आणि दोन ओळींची वही, आठवड्यातून दोनदा का होईना, चालू ठेवा. उत्साही लोक याच काळात कुठून तरी आणखी चार उपवास आणि दोन जागरणं आणतात आणि सप्टेंबरपर्यंत थकून जातात.

## ७. कर्णे: ऐकायचा दिवस

सातव्या महिन्याचा पहिला दिवस. ज्यू मंडळ्यांत त्याआधीचा एलूल महिना तयारीचा धरतात. आपणही त्या महिन्यात रोज रात्री एक प्रश्न विचारू शकतो: आज मला कुणी काही सांगायचा प्रयत्न केला आणि मी ऐकलं नाही, असं झालं का? बायको, मुलगा, शेजारी, मजूर, कुणीही.

शोफार विकत घ्यायची गरज नाही. त्याच्या आवाजाने भुतं पळतात, धंद्याची बरकत उघडते असं सांगून तो आणि तेलाच्या बाटल्या विकणाऱ्यांपासून दूर राहा. उपासनेत घंटा वाजवा किंवा एक मिनिट पूर्ण शांत बसा, आणि नहेम्याचा ८वा अध्याय वाचा. तो याच दिवशी, सातव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी घडला. लोक पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र ऐकत होते आणि लेवी (मंदिराची सेवा करणारे) अर्थ समजावून देत होते.

सावधान. या सणाच्या सुमारास "यंदाच प्रभू येणार" म्हणून तारखेसकट संदेश फिरतात. मत्तय २४:३६ मध्ये तो दिवस पुत्रालाही ठाऊक नाही असं म्हटलं आहे. असा संदेश आला तर पुढे पाठवू नका आणि पाठवणाऱ्याला एकट्याला फोन करून हे वचन वाचून दाखवा. गटात लाजवू नका.

## ८. दहा दिवस आणि प्रायश्चित्ताचा दिवस

पहिल्या तारखेपासून दहाव्यापर्यंतचे दिवस सलोख्याचे. दहाव्याला सुरुवात करू नका, तेव्हा फार उशीर झालेला असतो.

दिवस १ ते ३: यादी. कुणाचे पैसे, कुणाची वस्तू, कुणाचं नाव, कुणाचा बांध. भाऊबंदकीतला सरकवलेला बांध यादीत आलाच पाहिजे. खान्देशातली किती तरी घरं दोन फूट जमिनीपायी बोलत नाहीत आणि प्रभुभोजनाला एकाच रांगेत उभी असतात.

दिवस ४ ते ७: जा. मत्तय ५:२३-२४ मध्ये अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाकडे जायला सांगितलं आहे. स्वतः जा. मोबाइलवर "काही चुकलं असेल तर माफ करा" असा संदेश पाठवणं हे जाणं नव्हे. "काही चुकलं असेल तर" हे शब्द तर वापरूच नका. काय चुकलं ते नाव घेऊन सांगा आणि "पण तू पण" हे वाक्य घरीच ठेवून जा.

भरपाई. लेवीय ६:५ मध्ये मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा द्यायला सांगितलं आहे. म्हणजे ५,००० रुपये बुडवले असतील तर ६,००० परत. जकातदार जक्कयाने तर चौपट देईन म्हटलं. पूर्ण रक्कम नसेल तर पहिला हप्ता घेऊन जा आणि उरलेल्या तारखा लिहून द्या.

जिथे मारहाण किंवा अत्याचार झाला आहे तिथे ज्याच्यावर तो झाला त्याला सलोख्यासाठी पाठवू नका. सलोख्याचं ओझं चूक करणाऱ्यावर आहे. अशा बाबतीत पोलीस आणि विश्वासू मंडळीजन यांची मदत आधी घ्यावी.

दिवस ८ आणि ९: जेवण कमी करत आणा. चहा रोज पाच वेळा घेत असाल तर दोनवर आणा, नाही तर दहाव्या दिवशी दिवसभर डोकं दुखतं आणि प्रार्थना होत नाही.

दहावा: उपवास. नवव्याच्या संध्याकाळपासून दहाव्याच्या संध्याकाळपर्यंत, लेवीय २३:३२. आपल्याकडे उपवास म्हटलं की साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याचे लाडू, म्हणजे रोजच्यापेक्षा जड जेवण. इथे तसं नाही. खाणं बंद. पाणी घ्या, आपल्याकडचा ऑक्टोबरचा उकाडा लक्षात ठेवा. मधुमेह असलेल्यांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी, टीबीची किंवा रोजची औषधं चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास करू नये. त्यांनी एक वेळचं साधं जेवण घेऊन दिवस पाळावा. त्यात काही कमी नाही.

दिवसभरात यशयाचा ५८वा अध्याय तीनदा वाचा. सकाळी एकटे, दुपारी साथीबरोबर, संध्याकाळी घरच्यांबरोबर. देवाला कसला उपवास आवडतो ते तिथे आहे: जुलमाची बंधनं सोडणं, भुकेल्याला आपलं अन्न वाटणं. वाचलेलं जेवण त्याच दिवशी कुणाच्या तरी घरी पोचवा. संध्याकाळी इब्री लोकांस ९ आणि १० वाचा. सगळं देऊन झालं, सगळ्यांकडे जाऊन झालं, तरी क्षमा आपल्या भरपाईने मिळत नाही. मुख्य याजक ख्रिस्त आपलं स्वतःचं रक्त घेऊन एकदाच आत गेला. या दोन अध्यायांशिवाय हा दिवस संपवू नका, नाही तर हिशेब चुकता केल्याचा गर्व घेऊन माणूस झोपतो.

तपासणी. यादीतल्या किती जणांकडे प्रत्यक्ष गेलात? काहींनी दार उघडलं नसेल. ते तुमच्या हातात नाही. पण न गेलेल्या नावापुढे खूण करून ठेवा.

## ९. मांडव

पाचच दिवसांनी मांडवांचा सण. म्हणून साहित्य आधीच जमवून ठेवा.

चार बल्ल्या किंवा बांबू. बाजूंना गेल्या वर्षीच्या पऱ्हाट्या, तुराट्या किंवा कडबा. वर निंबाच्या डहाळ्या, शिंदीचे झाप. रावेर-यावलकडे केळीची पानं भरपूर. ज्यू रीतीप्रमाणे छत इतकं विरळ ठेवतात की रात्री तारे दिसावेत. छतावर प्लॅस्टिक टाकलं की मांडवाचा अर्थच जातो. परतीचा पाऊस आला तर घरात जा, तेवढ्याने सण मोडत नाही.

कडबा आणि पऱ्हाट्या आणण्याआधी झटकून घ्या, विंचू आणि साप असतात. विजेची तार आत ओढू नका. कडब्याशेजारी मेणबत्ती किंवा चूल नको.

सात दिवस रोज निदान एक वेळचं जेवण मांडवात. अनुवाद १६:१४ मध्ये पाहुण्यांची यादीच दिली आहे: मुलगा, मुलगी, दास, दासी, लेवी, परका, अनाथ, विधवा. सात दिवसांत या यादीतला प्रत्येक जण एकदा तरी ताटावर बसला पाहिजे. शेजारच्या हिंदू-मुस्लिम घरांनी विचारलं तर सरळ सांगा, आणि जेवायला बोलवा. भोंगा लावू नका.

एक गोष्ट मनापासून सांगतो. नंदुरबारकडची किती तरी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि महिनोन् महिने कोप्यांत राहतात. त्यांच्यासाठी पाल्याचं छत ही आठवण नाही, रोजचं घर आहे. तुमच्या मंडळीत असं कुटुंब असेल तर त्यांच्यासमोर मांडवाची सजावट आणि फोटो नकोत. एका संध्याकाळी त्यांनाच बोलू द्या: कोपीत थंडी कशी काढतात, पोरांची शाळा कशी सुटते, देव तिथे कसा सांभाळतो. लेवीय २३:४३ मध्ये मांडवात राहण्याचं कारण दिलं आहे, की मिसरातून काढल्यावर मी तुम्हाला मांडवांत राहायला लावलं हे पिढ्यांना कळावं. ते त्या रात्री मुलांना जसं कळतं तसं एरवी कळत नाही.

शेवटच्या संध्याकाळी योहान ७:३७ वाचा. येशू याच सणाच्या शेवटच्या, मोठ्या दिवशी उभा राहून तहानेल्यांना हाक मारत होता.

आठव्या दिवशी पवित्र मेळा. तो झाला की मांडव उतरवा. डहाळ्या, पानं आणि कडबा गुरांना किंवा खताच्या खड्ड्यात, बांबू बांधून घराच्या आढ्याला. वहीच्या नव्या पानावर पुढच्या वल्हांडणाची तारीख आणि त्याच्या दोन आठवडे आधीची तारीख लिहा. खाली यादीतलं, अजून न गेलेलं, नाव उतरवून घ्या.